तारेला बांधलेला लाल धागा

पहिल्या दिवशी मी मुलांना एकच गोष्ट शिकवतो. स्लेडला तहान लागते.

मुलं हसतात. मग मी ती बर्फावर चालणारी गाडी एका अंगावर कलती करतो आणि तिचं पोट दाखवतो. इंजिनातलं गरम पाणी या पोटातून फिरतं. चाकांऐवजी असलेला पट्टा फिरताना खालचा बर्फ वर उडवतो, तो पोटाला लागतो आणि पाणी गार होतं. मऊ बर्फात गाडी पोटभर पिते. पण एप्रिलच्या सकाळी बर्फ गोठून फरशीसारखा झालेला असतो. त्यातून काही उडत नाही.

"मग तिला कोण पाजणार?" मी विचारतो.

तेव्हा दोन्ही बाजूंच्या तारा दाखवायच्या. एरवी त्या आकड्यात अडकवलेल्या असतात. सोडवून खाली टाकल्या की त्या टणक बर्फ खरवडत जातात आणि त्याचा चुरा पोटावर उडतो. गाडी मागे घ्यायची असेल तर आधी तारा वर, नाहीतर त्या मोडतात. आणि आमच्या वर्गाचा नियम असा की निघण्याआधी आपल्या शेजाऱ्याकडे बघून मोठ्याने ओरडायचं, "तारा!" शेजारी विसरला आणि त्याचं इंजिन जळलं, तर चूक दोघांची.

एवढं नऊ वर्षांच्या पोरालाही कळतं. डेल प्रुएटला ते कधी कळलं नाही, आणि त्यापायी त्याने माझा वर्ग बुडवला.

डेल आमच्या गावात स्लेडचं दुकान चालवतो आणि बाहेरच्या लोकांना डोंगरावर फिरवून आणतो. सातवीत तो माझ्याकडे सुतारकामाला होता. बिजागरी उलटी लावायचा आणि दार उघडत नाही म्हणून दाराला लाथ मारायचा.

आमच्या स्लेडवाल्यांच्या क्लबात एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी अदलाबदल असते. हंगाम संपत आलेला असतो. त्या दिवशी प्रत्येकाने दुसऱ्याची गाडी घ्यायची, जुन्या लाकूडतोडीच्या रस्त्याने वर जायचं, खोलगट कटोऱ्यासारख्या उतारावर चढून दाखवायचं आणि परत यायचं. मग क्लबच्या लाकडी घरात शेगडीभोवती बसून, जी गाडी चालवली तिच्याबद्दल बोलायचं. स्वतःच्या गाडीबद्दल मालकाने अवाक्षर काढायचं नाही. आमची अध्यक्ष माविस टर्पिन सगळं वहीत लिहून घेते, आणि वहीत लिहिलेलं पुढच्या एप्रिलपर्यंत पुसलं जात नाही. आपलं पोर सगळ्यांनाच गोरं दिसतं, म्हणून ही पद्धत.

मागच्या वर्षी माझी गाडी डेलकडे आली. ती मीच जोडलेली. अठरा वर्षं जुनी, दोरी ओढून चालू करायची, पट्टा आखूड. बावीस मुलं तिच्यावर शिकून गेली. डेल तिला घेऊन गेला आणि दुसऱ्याच्या गाडीमागे दोरीला बांधून घेऊन आला. इंजिन जाम झालं होतं.

"मास्तरांबद्दल मला आदर आहे," तो शेगडीजवळ उभा राहून म्हणाला. "पण ही गाडी म्हणजे घरगुती जुगाड आहे. आज माझ्याखाली बंद पडली. उद्या एखादं पोर वर अडकलं आणि डोंगरावरून बर्फ खाली आला तर?"

माविसने ते लिहिलं. आईबापांच्या माना खाली गेल्या. दोन आठवड्यांत वर्ग बंद.

मी इंजिन उघडलं. पिस्टन उष्णतेने चरचरून ओरखडलेला. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं असणार. वय झालं, हात चुकला. एक महिना मी असाच काढला, आणि त्या महिन्याबद्दल मी डेलला आजही माफ केलेलं नाही.

मे महिन्यात क्लबच्या मागचा बर्फ वितळला. लाकडांच्या थप्पीमागे दोन मोडलेल्या तारा सापडल्या, त्यांच्या उरलेल्या टोकांसह आणि चार बोल्टांसह, नारिंगी चिकटपट्टीत गुंडाळलेल्या. तसली नारिंगी पट्टी गावात एकाच दुकानात मिळते. काय झालं ते मला त्या ओल्या जमिनीवर उभ्याउभ्या दिसलं. कधीतरी तारा खाली असताना त्याने गाडी मागे घेतली. तारा मोडल्या. तसाच टणक बर्फावरून पळवत राहिला. इंजिन गेलं. मग टोकं खोलून काढली, म्हणजे तिथे काही होतं याचा मागमूस नको.

माझी बहीण दून्या बोर्श्टच्या सुपासाठी कोबी चिरत होती. मी ते पुडकं तिच्यासमोर टाकलं.

"जा आणि सांग माविसला," ती म्हणाली.

"कोण ऐकेल? म्हणतील, म्हाताऱ्याने स्वतःच मोडल्या. एप्रिल येऊ दे."

तिने सुरी खाली ठेवली. "निकिफोर, कुणाला मारायचं नाही म्हणून आपल्या आजोबांनी रशियात स्वतःच्या बंदुकांची होळी केली. आपल्यात सूड घेत नाहीत."

"सूड कोण घेतोय? मी गृहपाठ तपासणार आहे."

"अकरा महिने?"

"पोरगं मठ्ठ असेल तर वेळ लागतो."

मुलांना मी आयुष्यभर धीर धरायला शिकवलं. तोच धीर मी आता या कामाला लावला. उन्हाळ्यात इंजिन नव्याने बांधलं. पाणी तापलं की पेटेल असा बोराएवढा लाल दिवा हँडलजवळ बसवला. हिवाळाभर डेलच्या नव्या गाडीची पुस्तिका वाचली, तीनशे दहा पानं, समासात टिपणं काढून. रस्त्यात तो भेटला की मी टोपी उचलायचो.

फेब्रुवारीत कळलं की डेल स्वतः मुलांचा वर्ग सुरू करणार. हंगामभर वापरलेली आपली गाडी तो क्लबला वर्गासाठी विकणार, आणि अदलाबदलीच्या दिवशीच त्यावर मत घेतलं जाणार. म्हणजे त्या दिवशी माझा वर्ग एकतर परत मिळणार होता, नाहीतर कायमचा जाणार होता.

मी माविसला म्हटलं, "यंदा मला डेलची गाडी दे. त्याला माझी."

ती माझ्याकडे बघत राहिली. "मास्तर, भांडण नको हं."

"छे गं. मला त्या गाडीचं फार कौतुक आहे."

त्या सकाळी बर्फ असा गोठला होता की बुटाची टाच उमटत नव्हती. सगळे यायच्या आधी मी माझ्या गाडीच्या दोन्ही तारा त्यांच्या आकड्यांना लाल लोकरीच्या धाग्याने बांधल्या. एकेरी धागा, साधी गाठ. तार सोडवली की तुटलाच पाहिजे.

डेल आला, माझ्या गाडीभोवती एक चक्कर मारली. "जिवंत केलीत की हो हिला! आज तरी घरी आणून सोडेल ना, मास्तर?"

"ती सोडेल. तू तिच्याशी नीट वाग म्हणजे झालं."

त्याने दोरी ओढली. तारांकडे बघितलंही नाही. मी त्याच्या शेजारीच होतो, डेलच्या गाडीच्या तारा खाली टाकून. पंचवीस वर्षांत माझ्या शेजारून एकही माणूस ओरडून सांगितल्याशिवाय निघालेला नाही. शब्द जिभेवर आला. मी दात मिटून घेतले.

तो निघाला.

आता त्याच्या गाडीबद्दल. खोटं बोलणार नाही, अशी गाडी मी कधी चालवली नव्हती. बटण दाबलं की चालू. माझी गाडी मऊ बर्फात आधी खड्डा खणते आणि मग विचार करते. ही लांब पट्ट्यावर वर तरंगते. झाडांतल्या सावलीत रात्रीचा थोडा ताजा बर्फ होता. तिथे नुसता पाय टेकून वजन कलवलं, की ती त्या कुशीवर वळून उताराला आडवी चालायला लागली, एखादी समजूतदार घोडी चालावी तशी. कटोऱ्यावर मी सत्तराव्या वर्षी अशा उंच जागी पट्ट्याची खूण सोडून वळलो, जिथे चाळिशीत पोचलो नव्हतो. वर उभा राहून मी हसलो, आणि मग, असा मालक मिळाला म्हणून, मला तिची दया आली.

परत येताना रस्त्यात डेल दिसला. माझ्या गाडीवर ओंजळींनी बर्फ टाकत होता. लाल दिवा पेटलेला. मी हात हलवला आणि पुढे गेलो.

शेगडीवर दून्याचं बोर्श्ट उकळत होतं. वीस-बावीस माणसं, निम्मी पोरांसकट. डेल आधी बोलला.

"मला वाईट वाटतं, पण खरं सांगायला हवं. पुन्हा तेच. कटोऱ्यापर्यंत पोचलोच नाही. तापली. मास्तर, हिला आता बागेत ठेवा, कुंड्या ठेवायला बरी आहे."

दोघं-तिघं हसले. माविसने लिहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

मी सावकाश बोललो. वर सांगितलं ते सगळं सांगितलं, घोडीसुद्धा. डेलचा चेहरा उजळत गेला. "बघा," तो शेजारच्याला म्हणाला, "मास्तर म्हणजे मास्तर."

"आणखी एक गुण राहिला," मी म्हणालो. "या गाडीची स्मरणशक्ती फार चांगली आहे. पान एकशे ब्याऐंशी. बाहेर या, दाखवतो."

सगळे वाट्या हातात घेऊन बाहेर आले. मी गाडीच्या पडद्यावरची दोन बटणं धरून ठेवली. ओळी उमटल्या. माविसने चष्मा लावून वाचलं, "इंजिन धोक्यापलीकडे तापलं. तारीख. पुन्हा तारीख. हे... सोळा वेळा आहे, डेल. एकाच हंगामात."

"सेन्सर बिघडलाय," डेल म्हणाला.

"आज मी त्याच रस्त्याने गेलो आणि आलो," मी म्हणालो. "आजची तारीख आहे का त्यात?"

"नाही," माविस म्हणाली.

"माझ्या हाताखाली सेन्सर बरा होतो वाटतं. आता माझ्या गाडीपाशी या. डेल, तूही ये. टणक बर्फावर निघताना पहिलं काम काय?"

मागून माझ्या शेवटच्या वर्गातल्या विनी नावाच्या मुलीने सवयीने आरोळी ठोकली, "तारा!"

"तारा," मी म्हणालो. "आज सकाळी मी त्यांना धागा बांधला होता."

धागा तसाच होता. दोन्हीकडचा. गाठसुद्धा हललेली नव्हती. लोक वाकून बघू लागले. मग मी खिशातून ते नारिंगी पुडकं काढलं आणि उलगडून बर्फावर ठेवलं, तारा, टोकं, चार बोल्ट.

"मागच्या वर्षीच्या. क्लबच्या लाकडांच्या थप्पीमागे सापडल्या. आपोआप मोडल्या असतील म्हणा. पण स्वतःच स्वतःला पट्टीत गुंडाळून त्या तिथे जाऊन झोपल्या का, ते डेलला विचारा."

डेलचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. "मास्तर, मी सांगणारच होतो. माणसं होती बरोबर, पाहुणे होते, दुकानाचं नाव..."

"माझंही नाव होतं."

मला वाटलं होतं, इथे मला आणखी बोलायचं असेल. अकरा महिने मी वाक्यं घोटली होती. पण त्याच्या हातातली वाटी कलली होती आणि बोर्श्ट बर्फावर सांडत होतं. ते बघणं मला पुरेसं होतं. गोड लागलं. खोटं कशाला सांगू?

मत घ्यावंच लागलं नाही. डेलची गाडी कुणालाच नको होती. माविसने मागच्या वर्षीचं पान काढून त्यावर आडवी रेघ मारली, क्लबच्या वहीत पहिल्यांदाच, आणि वर्ग मला परत दिला.

"आणि डेल?" कुणीतरी विचारलं. "हा पाहुण्यांना वर नेतो की."

"क्लबच्या रस्त्याने नेणाऱ्याने मुलांचा वर्ग पास केलेला असावा," मी म्हणालो. "मीच लिहिलेला नियम आहे. याला कुणी विचारलंच नाही. डेल, पुढच्या शनिवारी नऊ वाजता. पहिला बाक. तुझं हेल्मेट घेऊन ये, पेन्सिल मी देईन."

तो आला. न येऊन जातो कुठे? आठ पोरांच्या मधे, गुडघे हनुवटीला टेकवून, लहान बाकावर बसला. भिंतीवर मी मोडक्या तारा खिळ्याला टांगल्या होत्या, नारिंगी पट्टीसकट. नवीन मुलाने विचारलं, "मास्तर, या कुणी मोडल्या?"

"पहिल्या बाकावर विचार."

डेलने सांगितलं. खाली मान घालून, पण सगळं सांगितलं. तारा खाली, गाडी मागे, मोडल्या, लपवल्या. मी हाताची घडी घालून ऐकत होतो. बाहेर ऊन पडलं होतं. इतकी चांगली सकाळ मला कित्येक वर्षांत लाभली नव्हती.

मग मी लाल धाग्याची गोष्ट सांगितली. विनीने हात वर केला.

"मास्तर, धागा बांधला म्हणजे तुम्हाला माहीत होतं ते विसरणार."

"हो."

"आणि तुम्ही शेजारीच होतात."

"हो."

"मग तुम्ही ओरडला का नाहीत?"

वर्ग माझ्याकडे बघत होता. डेलनेही मान वर केली, त्या दिवशी पहिल्यांदाच.

मुलांशी मी खोटं बोलत नाही. "कारण मला याचा सूड घ्यायचा होता," मी म्हणालो.

विनीने विचार केला. नियम तिला माझ्याहून पक्का पाठ होता. "मग चूक दोघांची," ती म्हणाली, आणि पहिल्या बाकाकडे बोट दाखवलं. "तुम्ही पण तिथे."

डेल हसला नाही. हसला असता तर मी त्याला आणखी एक वर्ष बसवला असता. तो मुकाट्याने सरकला आणि जागा करून दिली.

मी जाऊन बसलो. पण त्याच्यापेक्षा वीतभर पुढे.