बिघाडवहीतला शेवटचा रकाना

घरी कोणी येणार म्हटलं की भिंगरीच्या आईच्या अंगात यायचं. पडदे बदल, चादरी ताण, चपला रांगेत लाव. दार उघडेपर्यंत घर असं चकाचक, की इथे माणसं राहतात की नुसती भांडी राहतात असा प्रश्न पडावा. यात वाईट काही नाही, आपण सगळेच हे करतो. पण या सवयीपायी तिने एकदा आपल्याच पायावर असा धोंडा मारून घेतला, की सांगायची सोय नाही. तरी सांगतो.

भिंगरी पाच वर्षांची. कागदोपत्री नाव वेगळं होतं, पण स्वतःभोवती गरगर फिरायची तिला भारी हौस, म्हणून बापाने ठेवलेलं हेच नाव चिकटलं. बोलणं अगदी मोजकं. बहुतेक वेळा दुसऱ्याचे शब्दच ती परत म्हणायची. आणि मधूनच, कोणाला काही कळायच्या आत, जमिनीवर लोळण घेऊन अशी किंचाळायची की शेजारचे दार उघडून बघायचे. डॉक्टरांनी ऑटिझम म्हणून सांगितलं, तेव्हा आईने एकच विचारलं, "माझं काही चुकलं का?" डॉक्टर म्हणाले, "अजिबात नाही." तिने मान हलवली. पटलं मात्र नाही.

बाप लिफ्ट दुरुस्त करायचा. तोंडाने कमी आणि पान्याने जास्त बोलणारा माणूस. एका दुपारी एका चार मजली इमारतीतली लिफ्ट तिसऱ्या-चौथ्या मजल्यांच्या मध्ये अडकली आणि याला बोलावणं आलं. आत एक लहान मूल जिवाच्या आकांताने रडत होतं आणि सोबत एक बाई होती. हा वर दोऱ्यांशी झटापट करत असताना त्याच्या कानावर खालचं बोलणं पडलं. ती बाई 'रडू नको' म्हणाली नाही, की 'गप्प बस' म्हणाली नाही. ती म्हणत होती, "पंखा बंद झाला. तुला गरम होतंय. मला सांग, गरम होतंय." एकदा, दोनदा, दहादा, आवाज जराही न चढवता. आणि मग हुंदक्यांमधून एक बारीक आवाज आला, "गरम होतंय." "शाब्बास! सांगितलंस ना, आता मी वारा घालते." रडणं हळूहळू ओसरलं.

वीस वर्षांत अडकलेल्या लिफ्टमधून त्याने नाही नाही त्या शिव्या ऐकल्या होत्या. असलं काही ऐकलं नव्हतं. दार फाकवून त्याने आत डोकं घातलं आणि म्हणाला, "ताई, माझ्या मुलीला बघाल का?"

"बघते की," ताई म्हणाल्या, "पण आधी आम्हाला बाहेर तर काढा!"

अशी थेरपिस्ट सापडली. चौथ्या मजल्यावरच त्यांचं बिहेवियर थेरपीचं सेंटर होतं. वर्षभराची वेटिंग लिस्ट. पण ताईंनी आपल्या जेवणाच्या सुट्टीतला वेळ काढून भिंगरीला घेतलं. दोनच महिन्यांत मुलगी हवी ती वस्तू बोटाने दाखवायला लागली. आईने त्या बोटाचा मुका घेतला. मात्र ताईंनी स्पष्टच सांगितलं, आठवड्यातून एक तास पुरायचा नाही, पाच लागतील. पाच तासांची फी म्हणजे बापाच्या पगाराचा पाऊण हिस्सा. मोटारसायकल विकून झाली, आईच्या माहेरहून आलेलं कपाट गेलं. आता घोडं अडलं. एकच वाट उरली होती. बापाच्या कंपनीचा वैद्यकीय विमा हा खर्च उचलायचा, पण विमा कंपनीच्या मॅडम घरी येऊन मुलीला बघणार आणि गरज आहे असं त्यांनी लिहिलं तरच.

मॅडम घरी येणार!

झालं. आईने तीन आठवडे कंबर कसली. पडदे, चादरी, चपला तर झाल्याच, भिंगरीचीही रोज तालीम. "नाव काय?" "भिंगरी." "वय काय?" "पाच." "खुर्चीवर कसं बसायचं?" हात मांडीवर. त्या दिवशी मोजे घातले नाहीत, कारण मोज्यांवरून हमखास रण पेटायचं. मिक्सर बंद, बेल बंद, शेजारणीला सांगून तिचं कुत्रं माहेरी पाठवलेलं. बापाने मोडीत निघालेल्या लिफ्टचं बटणांचं पॅनेल घरी आणलं होतं. ते हातात दिलं की भिंगरी तासभर मजल्यांचे आकडे दाबत बसायची.

मॅडम चाळीस मिनिटं बसल्या. भिंगरी बसली, बोलली, बटणं दाबली, एकदाही किंचाळली नाही. "किती गोड आहे हो," मॅडम म्हणाल्या. त्या गेल्यावर आईला आकाश ठेंगणं झालं.

दहा दिवसांनी पत्र आलं. मुलीची स्थिती समाधानकारक आहे, नियमित थेरपीची गरज दिसून येत नाही, अर्ज नामंजूर.

आईने कपाळाला हात लावला. नवऱ्याने पत्राची घडी घालून ते हत्यारांच्या पिशवीत ठेवलं, आणि तेच तिला जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी दोघं ताईंसमोर जाऊन बसली. आईने सगळं कबूल केलं, अगदी कुत्र्यासकट. ताईंना आधी हसू आवरेना, मग त्यांनी डोळे पुसले. "अहो, परीक्षेत पहिला नंबर काढून नापास झालात की तुम्ही! असू दे. चौदा दिवसांत फेरविचाराचा अर्ज करता येतो. मी माझा अहवाल देते. पण घरचं लागेल. कधी होतं, किती वेळ चालतं, काय केल्यावर थांबतं. कोणी लिहून ठेवलंय का?"

असल्या गोष्टी झाकायच्या असतात, लिहून ठेवायच्या नसतात, असंच आई आजवर समजत आली होती. तेवढ्यात नवऱ्याने घसा खाकरला, हत्यारांच्या पिशवीत हात घातला आणि एक तेलकट वही टेबलावर ठेवली.

लिफ्टवाल्यांची एक रीत असते. प्रत्येक लिफ्टच्या यंत्रखोलीत एक बिघाडवही टांगलेली असते. तारीख, जागा, काय झालं, किती वेळ बंद, आणि शेवटचा रकाना, कशाने सुरू झाली. त्याच्या उस्तादांनी त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, शेवटच्या रकान्यात 'आपोआप' हा शब्द लिहायचा नाही. आपोआप काही सुरू होत नसतं, आपण नीट बघितलेलं नसतं. त्याच रकान्यांच्या वहीत याने दीड वर्ष भिंगरी लिहिली होती.

आईचा पारा चढला. "मुलगी आहे ती आपली! तिची तुम्ही बिघाडवही ठेवलीत?"

"मला दुसरं काही लिहिता येत नाही गं," तो म्हणाला.

फेरविचाराच्या दिवशी विमा कंपनीच्या ऑफिसात एक साहेब, त्याच मॅडम आणि पाण्याचे चार ग्लास. नवऱ्याला चारचौघांत बोलायचं म्हणजे घाम फुटायचा, तेव्हा वाचायचं काम हिच्याकडे आलं. वही तिने आधी उघडलीच नव्हती, रागच तसा होता. आता उघडली.

"मंगळवार, सकाळी सात दहा. स्वयंपाकघर. मोज्याची शिवण टोचली. चाळीस मिनिटं." जे लपवायला तिने दारं-खिडक्या लावून घेतल्या होत्या, ते ती परक्या माणसांना वाचून दाखवत होती. "गुरुवार, संध्याकाळी सहा. जिना. बल्ब लुकलुकत होता. पंचवीस मिनिटं. रविवार. दुकान. गर्दी. डोकं फरशीवर आपटलं. एक तास."

"आणि शेवटच्या रकान्यात काय आहे?" साहेबांनी विचारलं. "तुम्ही तो वाचत नाही आहात."

तिने बोट सरकवलं. मोज्याच्या ओळीत लिहिलं होतं, 'आईने मोजा उलटा करून घातला.' जिन्याच्या ओळीत, 'आईने डोळ्यांवर हात धरला, उचलून खाली नेलं.' दुकानाच्या ओळीत, 'आई. फरशीवर शेजारी आडवी झाली.' तिने पान उलटलं. आई. आई. आईने गाणं म्हटलं. आई. बुधवार, आईला ताप, तरी आई. पुढे पुढे तर त्याने वाक्यं लिहायचं सोडूनच दिलं होतं, नुसता एक शब्द, पानांमागून पानं.

तिला पुढे वाचता येईना. दीड वर्ष ती मनात धरून बसली होती, की बिघाड आपल्यामुळेच झाला. आणि शेजारी बसलेला हा मुखदुर्बळ माणूस रोज लिहून ठेवत होता, की सुरू कोणामुळे झालं. तिने त्याच्याकडे पाहिलं. तो पाण्याच्या ग्लासाकडे बघत होता. इतकं ऋणी तिला कधीच कोणाचं वाटलं नव्हतं.

मॅडमनी पदराने नाही, सरळ हातानेच डोळे पुसले. "त्या दिवशी तुमच्या घरी मला हे दिसलंच नाही हो."

"दिसू दिलं नाही मी," आई म्हणाली.

आठवड्याला पाच तास मंजूर झाले. सहा महिन्यांनी मॅडम घरी येऊन पुन्हा बघणार होत्या. पत्र हातात पडलं तेव्हा जीव भांड्यात पडला. आईने पत्र घेऊन थेट सेंटर गाठलं. ताईंचे आभार मानायला तिने वाटेत केवढी वाक्यं जुळवली होती, आणि समोर गेल्यावर नुसती त्यांचा हात धरून उभी राहिली.

सहा महिन्यांनी मॅडम आल्या, तेव्हा घर होतं तसंच होतं. चपला अस्ताव्यस्त, मिक्सर चालू, शेजारणीचं कुत्रं आपल्या जागी भुंकत. भिंगरीच्या पायात मोजे. आईने या वेळी काहीही आवरलं नव्हतं, आणि त्यासाठी तिला आवरण्याहून दुप्पट कष्ट पडले होते.

पाच मिनिटांत भिंगरीचा चेहरा आक्रसला. अंग ताठ झालं. आईला ते लक्षण पाठ होतं, तिचा हात आपसूक मोज्याकडे गेला. ताईंची शिकवण आठवून तिने तो मागे घेतला. थांबायचं, तिला वेळ द्यायचा.

भिंगरीने पाय पुढे केला. मोज्यावर बोट ठेवलं. कोणाचाही शब्द उसना न घेता म्हणाली, "टोचतंय."

आणि खाली बसून तिने स्वतःच मोजा ओढून काढला.

आईला हसू की रडू कळेना. लगेच धसकाही बसला. "मॅडम, आता ही चांगली वागली म्हणून पुन्हा बंद नका हो करू!"

"बंद कसलं," मॅडम म्हणाल्या, "हे होतंय म्हणूनच तर चालू ठेवायचं."

कोपऱ्यात बापाने वही उघडली होती. सकाळी दहा वीस, बाहेरची खोली, मोजा, अर्धं मिनिट. शेवटच्या रकान्याशी त्याचं पेन अडलं. 'आपोआप' लिहायचं नाही, उस्तादांची आज्ञा. त्याने बायकोकडे पाहिलं.

"माझं नाव लिहाल तर याद राखा," ती डोळे पुसत म्हणाली.

त्याने लिहिलं, 'भिंगरी'.