जावई माझ्या तावडीत

माझा जावई स्वभावाने इतका मऊ आहे की चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासतानासुद्धा तो आधी गिऱ्हाइकाची माफी मागतो. अशा माणसाची मानगूट मी आठवड्यातून तीनदा आवळत होते, आणि तेही सगळ्यांच्या देखत.

त्याचं झालं असं, की लेकीने ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या क्लासमध्ये नवरा-बायको दोघांची नावं घातली आणि आठवड्याभरात तिचाच उत्साह मावळला. जावई एकटा पडू नये म्हणून मी गेले. माझी बेकरी आहे, उभी हयात पीठ मळण्यात गेली, त्यामुळे मनगटात जोर आहे. जमिनीवर लोळून समोरच्याला जखडायचं, त्याच्याच कॉलरने गळा आवळायचा, हे मला पहिल्याच दिवशी आवडलं. कुणाला सांगू नका, पण या वयात एवढी मजा दुसऱ्या कशातच आली नव्हती.

क्लासमधली बाकीची मंडळी दांडगी. माझ्या वजनाचा एकटा जावई, म्हणून सर आमचीच जोडी लावत. सापडलेल्या माणसाने समोरच्याच्या अंगावर हाताने थोपटलं की समजायचं, पुरे, सोडा. जावई फार थोपटायचा. माझ्या नवशिक्याच्या पांढऱ्या पट्ट्याच्या टोकाला सरांनी प्रगतीची खूण म्हणून चिकटपट्टीचे तुकडे लावत नेले, चौथाही लागला, आणि एक दिवस ते म्हणाले की येत्या शनिवारी वरचा, निळा पट्टा. बेकरीत पाव घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला मी ती बातमी ऐकवली. ज्यांनी विचारलं नव्हतं त्यांनाही.

त्याच आठवड्यात बिंग फुटलं. सरावात मी जावयाची कॉलर धरली आणि नेमका हातात गोळा आला. बोटं उघडली, पकड सुटली, मी ओढलंही नव्हतं. तरी जावयाने थोपटलं.

मी त्याला चपलांच्या रॅकपाशी गाठलं. आजवर त्याला अहो-जाहो करत आले होते, त्या दिवशी ते पार विसरले.

"कधीपासून चाललंय हे तुझं?"

त्याने चष्मा पुसला, पुन्हा पुसला. "पहिल्यापासून, आई. तुम्ही जिंकलात की घरी जाईपर्यंत गुणगुणत असता."

मला संताप आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली. चारही तुकडे याच्या भलेपणावर मिळालेले. मी घरी जाऊन चक्क रडले. दुसऱ्या दिवशी सरांना सगळं सांगून म्हटलं, पट्टा राहू द्या. सरांनी डोकं खाजवलं. मला कचाट्यातून सुटता येतं हे त्यांनी स्वतः धरून पाहिलं होतं, पण कुणाला खरंच पकडता येतं की नाही, हे आता त्यांनाही सांगता येईना. शनिवारी या, दोघं खरं खेळा, मग बघू, एवढं बोलून ते दुसऱ्यांकडे वळले.

जावयाला मी तंबी दिली. "शनिवारी एकदा जरी खोटं थोपटलंस, तर माझ्या घराची पायरी चढू नकोस."

शनिवारी कळलं, की हा मऊ माणूस भलताच चिवट आहे. डोळ्याचं पातं लवायच्या आत त्याने मला उलथं पाडलं, माझा हात असा पिरगाळला की मुकाट थोपटावं लागलं. पुन्हा उठलो, पुन्हा तेच. मला आनंद झाला असं म्हटलं तर ते खोटं होईल. निळा पट्टा गेलाच, असं मी धरून चालले.

तिसऱ्यांदा मात्र तो घाईत वळला आणि मी पाठीमागून त्याच्या गळ्याभोवती हात टाकला. पकड जमल्यासारखी वाटली. आवळलं. तो थोपटेना. म्हणजे जमलेली नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि दात-ओठ खाऊन आणखी आवळलं.

"बाई, सोडा, झोपला तो!" सर धावत आले.

मी झटकन हात काढले. जावई खरंच मान टाकून पडला होता. सरांनी त्याचे पाय उचलून धरले, आणि लगेच त्याने डोळे उघडून दुकान बंद केलं का, असं विचारलं. मग आमची दोघांची खरडपट्टी निघाली. मी इतकं कशाला ताणलं आणि त्याने वेळेवर थोपटलं का नाही?

जावई माझ्याकडे बघत म्हणाला, "थोपटलं असतं, तर आईंना खरं वाटलं नसतं."

मी त्याला पाणी दिलं, त्याचा घाम पुसला, आणि मनातल्या मनात स्वतःला चांगल्या चार शिव्या घातल्या. सरांनी निळा पट्टा माझ्या कमरेला बांधला. वर बजावलं, की हा थोपटो न थोपटो, समोरचा केव्हा संपला ते निळा पट्टा बांधणाऱ्याला हाताने कळलं पाहिजे.

पुढच्या आठवड्यात जावयाने मला पुन्हा सपशेल आडवं केलं आणि छातीवर ठाण मांडून बसला. सुटायची सोय नव्हती. मी त्याच्या पाठीवर थोपटलं. त्याने लगेच सोडलं, तरी मी आणखी थोडा वेळ थोपटत राहिले.