उडीतला पक्षी

भागाबाईनं चपला पायरीखाली काढल्या, पण हात जोडले नाहीत. रामाच्या देवळाच्या ओवरीत ती जन्मात पहिल्यांदा चढली होती. तीही देवासाठी नव्हे, भिंतीवरच्या जुन्या चित्रासाठी.

चित्राखाली आता चित्रकाराच्या नावाची पाटी लागणार होती. चित्रकार हैदराबादचा, दिवाळीनंतर आला नि शिमग्याआधी परतला, असं देवळाचे पंच जयतीर्थ मास्तर वाडवडिलांकडून ऐकत आलेले. भागाबाईच्या घरी मात्र सांगणं असं, की चित्र तिच्या आजेसासऱ्यानं काढलं. ती हे बोलली की गाव हसायचं. त्यानं चुना कालवला असेल, म्हणायचं. म्हणणाऱ्याच्या सात पिढ्यांचं ती उकरून काढायची. पण लागलेली पाटी काही तोंडानं खरवडता येत नाही.

तिची नात पंचशीला बिदरला नौबादेत राहायची, कॉलेजात शिकवायची आणि सुट्टीत जुन्या चित्रांतले पक्षी ओळखत हिंडायची. आता ती चित्रातल्या सीतेच्या डोईवरचा काळा पक्षी निरखत होती. मान मागं, पाय पोटाशी दुमडलेले.

"बाण लागून पडायलाय," मास्तर म्हणाले. "डोक्यामागं बाणाची पिसं बघ."

पंचशीलानं मोबाइलवर व्हिडिओ लावून पुढं केला. उंच गवतातून एक काळा पक्षी उसळला, मान मागं टाकली, पाय दुमडले नि गवतात बुडाला. पुन्हा उसळला. पिसं बाणाची नव्हती, त्याचेच तुरे होते. हा तणमोर, ती म्हणाली. मादीसाठी उड्या मारतो.

भागाबाईनं असला पक्षी कधी पाहिला नव्हता. तिनं पुन्हा लावायला सांगितलं, मग पुन्हा.

"असा उड्या मारत तुझा आजा आला असता, तर म्या दार लावून घेतलं असतं."

मास्तरांनाही हसू आलं.

"कवा करतो ह्यो ही थेरं?"

"पावसाळ्यातच, आज्जी. एरवी उडी न्हाई, का हा काळा रंग न्हाई."

मास्तरांचं हसू ओसरलं. ते चित्राजवळ गेले, चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले.

"दिवाळीनंतर आलेल्याला हा दिसला कसा मग?" ते स्वतःशीच म्हणाले, मग भागाबाईकडं वळले. "पावसात गायरानावर आमच्यातलं तर कुणी जायचं न्हाई. गुरं राखायला तुमच्याकडंच असायची."

 

मास्तरांनी खिशातला पेन काढला.

"नाव काय त्यांचं?"

त्यांचं. त्याचं नव्हे. भागाबाईनं नातीकडं पाहिलं. नातीला ठाऊक नव्हतं. सुनेनं सासऱ्याचं, आजेसासऱ्याचं नाव घेऊ नये, म्हणून गावाशी भांडतानासुद्धा भागाबाई 'आमचं म्हातारं' एवढंच म्हणत आली होती. आणि नाव घेणारी माणसं घरातून एकेक करून गेली होती.

तिनं पदर डोईवर ओढला, तोंड भिंतीकडं केलं.

"मरिबा," ती पुटपुटली.

मास्तर कानाशी हात नेऊन वाकले. मग तिनं देवळाबाहेर पारावर बसलेल्यांनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं.