हुफूफची मोड

गार्गीची दहावी झाली आणि मधु तिला घेऊन नाशिकला गेली. अकरावी-बारावी तिकडेच करायची, असं तिघांनी मिळून ठरवलं होतं. कतारमधल्या मेसईदच्या कंपनी कॉलनीतल्या घरात देवव्रत खरवंडीकर एकटा राहिला. तो खताच्या कारखान्यात मेंटेनन्स इंजिनिअर होता. दिवसभर कामावर हिंदी नाहीतर इंग्रजी, आणि घरी आल्यावर बोलायला कुणीच नाही.

शुक्रवारी सकाळी कॉलनीतल्या किराणा दुकानाबाहेरच्या बूथवरून तो फोनकार्ड घालून नाशिकला फोन करी. मधु सोसायटीतल्या पाण्याची, गार्गीच्या क्लासची हकिकत सांगे. गार्गी फोनवर आली की तो मराठीत विचारी आणि ती इंग्रजीत उत्तर देई. "आय अ‍ॅम फाइन, बाबा. आईला देते हं." तिचं मराठी एवढंच.

कारखान्याच्या कामासाठी त्याला अधूनमधून सौदीत जुबैलला जावं लागे, म्हणून पासपोर्टवर वर्षभर चालणारा व्हिसा होता. एका गुरुवारच्या सुटीला घरात बसवेना, तेव्हा त्यानं गाडी काढली आणि अबू सामराची हद्द ओलांडून सरळ सौदीतलं हुफूफ गाठलं. दोह्याची माणसं तिथे खरेदीला जातातच. खजूर, भाजी, चादरी, सगळंच स्वस्त. त्यानंही एक चादर घेतली. घरात चार कोऱ्या पडून होत्या.

तिथे मोड मागितली की दुकानदार च्युइंगम पुढे करत. एका म्हाताऱ्यानं मात्र खरंच नाणं हातावर ठेवलं. पंचवीस हलालांचं, म्हणजे पाव रियालचं. एका बाजूला खजुराचं झाड आणि तलवारी, दुसऱ्या बाजूला हिजरी साल. अरबी आकडे देवव्रतला दोह्यातल्या गाड्यांच्या पाट्या वाचून येत होते. परतताना सीमेवरच्या रांगेत त्यानं ते नाणं पुन्हा पुन्हा पाहिलं. पुढच्या गुरुवारी तो दुसऱ्या सालाचं नाणं शोधायला गेला. मग हे नेहमीचंच झालं. मधुला म्हणाला, "नाणी जमवतोय." ती म्हणाली, "बरं झालं. वेळ तरी जाईल."

हुफूफच्या जुन्या छपरी बाजारात एक मसाल्याचं दुकान होतं. तिथे एकदा गल्ल्यातली नाणी चाळताना त्याच्या हातून एक निसटलं आणि घरंगळत गेलं. "गेलं!" तो स्वतःशीच म्हणाला.

"जातंय कुठं? ते काय, त्या गोणीच्या मागं," काउंटरमागचा माणूस म्हणाला.

देवव्रत वाकल्या वाकल्या थांबला. "तुम्ही मराठी?"

"म्हसळ्याचा. फजल नाव. तुमी?"

"नाशिक."

"लांबचं की," फजल म्हणाला आणि दोघंही हसले. दोन्ही गावं तिथून सारखीच लांब होती.

त्या दिवशी देवव्रत दुकानात दुपारच्या नमाजापर्यंत बसला. पुढे फजल त्याच्यासाठी वेगळी नाणी बाजूला काढून ठेवू लागला. जुनी किर्शची नाणी, नवं दोन रंगांचं शंभर हलालांचं. देवव्रत आला की फजल एक स्टूल पुढे सरकवी, काळा चहा मागवी.

"आज कंचं साल पायजे, साहेब?"

"चौदाशे आठ अजून मिळालं नाही, फजलभाई."

"मग बसा. गिऱ्हाईक येल तसं बगू."

गिऱ्हाईक येई-जाई. देवव्रत बोलत राही: कारखान्यातला कंप्रेसर, मधुची पाठदुखी, गार्गीचं इंग्रजी. फजल दालचिनी तोलता तोलता हुंकार देई. परतताना डिकीत वेलची, तिथला लाल हसावी तांदूळ, नको असलेलं बरंच काही असे. एवढं कोण खाणार, हा प्रश्न तो घरी पोचल्यावर स्वतःला विचारी.

दोन हजार एकच्या ऑक्टोबरात, कामामुळे तीन आठवडे खंड पडल्यावर तो गेला तेव्हा बाजाराच्या अलीकडेच रस्ता अडवलेला होता. हवेत अजून जळकट वास होता. बाजाराला आग लागली होती, गल्लीच्या गल्ली काळी पडली होती. देवव्रत गाडी तशीच सोडून धावला. रस्त्यापलीकडे काही दुकानदार खुर्च्या टाकून बसले होते. त्यांत फजलचा मालकही होता.

"फजल? फजल कुठंय?" तो मराठीतच ओरडला.

मालकानं त्याला ओळखलं. "फजल तय्यब, तय्यब," फजल ठीक आहे, असं हातानं खुणावत तो अरबीत म्हणाला. मग मोडक्या हिंदीत, "दुकान खलास, काम खलास. फजल हिंदुस्थान गया."

माणूस सुखरूप होता. देवव्रत तिथल्या फुटपाथवर बसला. मग त्याच्या लक्षात आलं, की फजलचं आडनावसुद्धा आपल्याला ठाऊक नाही. मालकानं खिशातली डायरी काढून म्हसळ्याचा एक नंबर उतरवून दिला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. नाशिकचा फोन झाल्यावर उरलेल्या कार्डावर त्यानं तो नंबर फिरवला. बाईचा आवाज आला. ती फजलची बायको, नफिसा.

"मी देवव्रत. कतारहून बोलतोय."

"अवो, कतारचं कोन गिऱ्हाईक हाय तुमचं!" ती आत ओरडली.

गिऱ्हाईक. देवव्रत फोन ठेवणार होता. पण तेवढ्यात फजल आला. मागे टीव्ही, पोरांचा गलका, कुणीतरी हसत होतं.

"साहेब! बरं हाय ना?"

"बरंय. तुम्ही कसे आहात?"

"मजेत. घरीच हाय आता."

स्टूल नव्हतं, चहा नव्हता, आणि नाण्यांचं आता विचारण्यात अर्थ नव्हता. देवव्रतला वाटलं, आपण उगाच फोन केला. या माणसाचं घर भरलेलं आहे.

"थांबा वाईच," फजल म्हणाला. दार लोटल्याचा आवाज आला आणि टीव्ही मंदावला. मग तो हळू आवाजात बोलू लागला. "वहिनींची पाठ कशी हाय?"

"आहे तशीच."

"आनि पोरगी? मराठीत बोलली का?"

"नाही अजून."

"माजी तर मराठीतच बोलतात. पन आपसात. मी आलो की गप होतात, पावना आल्यासारकी. बारा वर्सं नव्हतो ना मी. कुनाला काय विचारावं तेच कळत नाय, साहेब. सकाळपासून नुसता ओट्यावर..."

खट् करून आवाज तुटला. कार्ड संपलं होतं.

देवव्रत बूथमधून धावतच बाहेर आला. जुम्म्याच्या नमाजाची वेळ झाली होती आणि दुकानदार शटर ओढून कुलूप लावत होता.

"एक कार्ड, भाई, बस एक कार्ड!"

"नमाज के बाद, साब," म्हणत तो मशिदीकडे निघालासुद्धा.

ऊन डोक्यावर आलं होतं. घर दोन मिनिटांवर होतं, तिथे एसी होता. देवव्रत दुकानाच्या पायरीवर, शटरच्या अरुंद सावलीत बसून राहिला. नफिसाभाभींना काय म्हणायचं, फजलचं आडनाव कसं विचारायचं, पोरांची नावं काय, असं एकेक तो मनात जुळवत होता. कॉलनीचा रस्ता पूर्ण रिकामा होता.