एल्पिदिओला दुष्ट होता येईना

लंडनला क्लार्कनवेलच्या उतारावर आम्हा इटलीवाल्यांची वस्ती होती. कुणी बाजाची पेटी वाजवत हिंडायचं, कुणी आइस्क्रीम विकायचं, कुणी प्लास्टरचे संत बनवायचं. माझं काम चित्रकारांसमोर बसण्याचं. सोळाव्या वर्षी मी जलपरी होते, विशीत मरियामाता, तिशीत मरियामातेची आई, आणि पंचेचाळिशी गाठली तेव्हा मला बोलावणं यायचं ते चेटकिणीसाठी. तक्रार नाही. चेटकिणीला निदान खुर्चीवर बसता येतं आणि अंगभर कपडे असतात.

त्या वर्षी माझ्या बहिणीची मुलगी, सेत्तीमिया, आमच्या जेन्झानो गावाहून माझ्याकडे आली. वय सव्वीस, दोन स्थळांना नाही म्हटलेलं, आणि तोंड असं की समोरच्यानं वाक्य संपवायच्या आत उत्तर तयार. मी तिला थॉर्नबरो नावाच्या चित्रकाराकडे नेलं. आम्ही त्याला सिन्योर म्हणायचो. रोममध्ये सहा वर्षं काढलेली असल्यानं आमची भाषा बोलायचा, पण पाद्री प्रवचन करतो तशी.

सिन्योर तेव्हा एक अवाढव्य चित्र काढत होता. रोमचा एक सम्राट होऊन गेला, हेलिओगाबालुस. पोरसवदा, देखणा आणि नंबर एकचा वाया गेलेला. त्यानं म्हणे पाहुण्यांना जेवायला बोलावलं, छतात लपवून ठेवलेली फुलं एकदम खाली सोडली, इतकी की पाहुणे त्यांच्याखाली गुदमरून मेले. आणि हा वर गादीवर लोळत बघत राहिला. खरं-खोटं देव जाणे. सिन्योरचा एक विद्वान मित्र दर गुरुवारी येऊन वाद घालायचा, की जुन्या पोथीत व्हायोलेटची चिमुकली जांभळी फुलं लिहिलीत, गुलाब नाहीत.

"व्हायोलेटखाली माणूस मेला तर लोकांना हसू येईल," सिन्योर म्हणायचा. "रोमच्या माणसाला वेड गुलाबाचं. जेवताना डोक्यावर गुलाब, दारूत गुलाब, उशीत गुलाब, थडग्यावर गुलाब. हिवाळ्यात मिळेनात तर इजिप्तहून जहाजानं मागवायचे!"

"म्हणजे तुमच्यासारखेच की," सेत्तीमिया म्हणाली.

कारण सिन्योरसुद्धा ऐन डिसेंबरात फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरून दर आठवड्याला आगगाडीनं गुलाबांच्या पेट्या मागवत होता. प्रत्येक पाकळी खरीच बघून रंगवायची असा त्याचा हट्ट. पण पेट्या सकाळी उघडल्या की दुपारपर्यंत पाकळ्यांचा चहाचा चोथा व्हायचा. सिन्योर डोकं धरून बसायचा.

तिसऱ्या दिवशी सेत्तीमियाला राहवेना. "सिन्योर, तुम्ही ही फुलं शेकताय."

"काय?"

"एवढी मोठी शेगडी पेटवलीय आणि शेजारी गुलाब. आमच्या गावात सणाला अख्ख्या रस्त्यावर पाकळ्यांचा गालिचा घालतात. चार-चार दिवस आधी पाकळ्या खुडतो आम्ही. त्या काय शेगडीजवळ ठेवतो? तळघर आहे का तुमच्याकडे?"

तळघर होतं, कोळशाचं. सेत्तीमियानं ते धुवून घेतलं, जमिनीवर ओल्या चादरी पसरल्या, त्यावर पाकळ्या पातळ पसरल्या आणि सकाळ-संध्याकाळ हलक्या हातानं खालीवर करायला लागली. शुक्रवारची पाकळी मंगळवारी तजेलदार! सिन्योर तिला वाकून नमस्कार करायचाच बाकी होता. त्या दिवसापासून गुलाबांच्या बाबतीत त्या घरात तिचा शब्द चालायला लागला. पेट्या आणणारा हमालसुद्धा आधी तिला विचारायचा.

पाहुणी म्हणूनही तीच ठरली. चित्रात अगदी पुढे, संगमरवरी फरशीवर, पाकळ्यांत गळ्यापर्यंत बुडालेली. राहिला होता सम्राट.

तो सिन्योरला आमच्याच गल्लीत सापडला. एल्पिदिओ उन्हाळ्यात आइस्क्रीमची आणि हिवाळ्यात भाजलेल्या चेस्टनटची गाडी लावायचा. सत्ताविशीचा असून चेहरा विशीतला, मोठे डोळे, जाड ओठ, संगमरवरातून कोरल्यासारखं नाक. सिन्योर माझ्याशी बोलत चालला होता, तो त्याच्या गाडीपाशी थबकला आणि मोठ्यानं ओरडला, "हाच!"

एल्पिदिओनं दोन्ही हात वर केले. "मी काही केलं नाही हो, सिन्योर!"

दुसऱ्या दिवसापासून तो सोनेरी झगा घालून, डोक्यावर मुकुट चढवून, उंच चौथऱ्यावरच्या गादीवर लोळायला लागला. आणि तिथून आमचे हाल सुरू झाले. एल्पिदिओ देखणा होता, पण त्याला दुष्ट होता येईना.

"सम्राट दुष्ट होता म्हणजे मी नेमकं काय करायचं?"

"काही करायचं नाही," सिन्योर म्हणाला. "खाली माणसं मरताहेत आणि तू द्राक्षं खातोयस."

"द्राक्षं खात असेन तर मी त्यांच्याकडे कशाला बघेन?"

"बघायचं! मजा वाटते म्हणून!"

एल्पिदिओ बघायचा. पण बघायचा ते असा, की जणू त्याच्या घरातलंच कुणी तापानं फणफणलंय. कपाळावर आठ्या, ओठ अर्धवट उघडे. मधेच खाली वाकून हळूच विचारायचा, "सेत्तीमियाबाई, फरशी गार लागत नाही ना? खाली काही अंथरलंय ना?"

"तुम्ही तुमची द्राक्षं खा," ती डोळे न उघडता म्हणायची. "मी मेलेय."

सिन्योरनं शेवटी ठरवलं, की खरोखरच छतावरून पाकळ्या सोडायच्या. खरं दृश्य दिसलं की चेहरा आपोआप जमेल. तुळईला शिडाचं कापड बांधलं, आठवडाभराच्या पाकळ्या त्यात भरल्या. सेत्तीमिया खाली आडवी झाली. सिन्योरनं तिला बजावलं, "काही झालं तरी हलायचं नाही. श्वाससुद्धा बेतानं." दोन नोकरांनी दोऱ्या ओढल्या.

मी आयुष्यात पुष्कळ सुंदर गोष्टी पाहिल्यात. पण तसं नाही पाहिलं. आधी चार-दोन पाकळ्या गिरक्या घेत आल्या, मग एकदम सगळं छतच गुलाबी होऊन कोसळलं. आवाज नाही, काही नाही. फक्त वास. आणि सेत्तीमिया दिसेनाशी झाली.

क्षण गेला, दोन गेले. ढीग हलेना.

"सेत्तीमियाबाई?" वरून एल्पिदिओ.

ढीग गप्प.

"सेत्तीमिया!"

आणि सम्राटानं उडी मारली. मुकुट घरंगळत एका कोपऱ्यात गेला, द्राक्षांची परात दुसऱ्या. झगा पायात अडकून तो तोंडावर आपटला, तसाच रांगत ढिगापाशी पोचला आणि कुत्रं मातीत उकरतं तसा दोन्ही हातांनी पाकळ्या उडवायला लागला. "बाजूला व्हा! हवा येऊ द्या!" असं तो ओरडत होता, पण ढिगापाशी त्याच्याशिवाय कुणीच नव्हतं. शेवटी एक हात लागला. त्यानं तो धरून सेत्तीमियाला ओढून बसती केली.

तिच्या केसांत, कानांत, पापण्यांवर पाकळ्या. ती धडधाकट होती आणि भयंकर चिडली होती.

"अक्कल आहे का तुम्हाला? तीन तास लागले भरायला! तीन तास! चेंदा केलात सगळ्याचा!"

"तुम्ही हलत नव्हता..."

"हलायचं नाही असंच सांगितलं होतं मला!"

"मला वाटलं तुम्ही..." एल्पिदिओ म्हणाला. घामानं डबडबला होता, हनुवटीला खरचटलं होतं, आणि तिचा हात अजून त्याच्या हातात होता. ते तिच्या लक्षात आलं. तिनं तो लगेच सोडवला नाही, हे माझ्या लक्षात आलं.

सिन्योरनं मात्र त्याला तिथल्या तिथं हाकललं. "जा, चेस्टनट भाज! रोमच्या इतिहासात पाहुण्यांना वाचवणारा सम्राट झालेला नाही!"

त्याच्या जागी एक निवृत्त सैनिक आला. चेहरा दगडासारखा. पण गादीवर लोळला की सम्राट वाटेना, जकात नाक्यावरचा शिपाई वाटे. मग एक नट आला, तो इतके डोळे वटारायचा की सिन्योरलाच भीती वाटायला लागली. तीन आठवडे असे गेले. वसंतातलं मोठं प्रदर्शन तोंडावर आलं. चित्रात संगमरवर तयार, गुलाब तयार, सेत्तीमियाचा मरतानाचा सुंदर चेहरा तयार, आणि वर गादीवर सम्राटाच्या जागी नुसता पांढरा डाग.

इकडे सेत्तीमियाला चेस्टनट फार आवडायला लागले होते. रोज कामावरून येताना एक पुडी. एकदा मी मागून येत होते, तेव्हा गाडीपाशी तिचा आवाज ऐकला.

"हनुवटी बरी झाली का?"

"झाली. तुम्ही अजून रागावलाय?"

"रागावले असते तर रोज हे जळके चेस्टनट खाल्ले असते का? आणि 'तुम्ही' काय? त्या दिवशी सगळ्यांसमोर नुसतं सेत्तीमिया म्हणून बोंबललास की."

एल्पिदिओनं तिच्याकडे बघता बघता आणखी एक मूठ चेस्टनट जाळले.

दुसऱ्या दिवशी ती सिन्योरपुढे जाऊन उभी राहिली. "एल्पिदिओला परत बोलवा."

"त्या परोपकारी माणसाला? कशाला?"

"माझं काम झालंय ना चित्रातलं? मग मला तिथं झोपवू नका. मी खाली असले की त्याला दुष्ट होता येत नाही. दुसरं कुणीतरी पुरा."

"कुणाला?"

तिनं माझ्याकडे बघितलं. सिन्योरनंही बघितलं. माझी मान नाही म्हणून हलत होती, पण तिकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

अशी मी, एर्सिलिया, पंचेचाळिसाव्या वर्षी पुन्हा एकदा आडवी झाले. दोऱ्या ओढल्या गेल्या. आता मी स्वतःच्या अनुभवानं सांगते, गुलाबाखाली माणूस एवढ्यात मरत नाही. ओली गोधडी अंगावर टाकल्यासारखं वाटतं, उजेड गुलाबी होतो, आणि एक पाकळी हमखास नाकात जाते. नंतर नंतर मात्र खरंच गरम व्हायला लागतं. मी वाट बघत होते, की आता आवाज येईल, 'मावशी, बऱ्या आहात ना?' कुणी काही विचारेना. ऐकू आला तो सिन्योरचा आवाज.

"अप्रतिम! हलू नकोस! देवा, काय ती थंडगार नजर! तसाच, तसाच राहा!"

पाच मिनिटं गेली. दहा गेली.

"एल्पिदिओ!" मी आतून ओरडले. "मेल्या, मी गुदमरतेय!"

"जरा हळू गुदमरा, मावशी," वरून निवांत उत्तर आलं. तोंडात द्राक्ष होतं, ते ऐकूनच कळत होतं. "सिन्योर रंगवताहेत."

आणि कुठूनतरी सेत्तीमिया अशी हसत सुटली, की मलाही हसू आवरेना. हसताना तोंडात पाकळ्या गेल्या. दोन मी गिळल्या. कडवट लागतात.

त्या एका दिवसात सम्राटाचा चेहरा झाला.

मे महिन्यात प्रदर्शन लागलं. सिन्योरनं आम्हा तिघांना आत सोडायला लावलं होतं. आम्ही ठेवणीतले कपडे घालून गर्दीच्या मागे उभे राहिलो. चित्र भिंतभर होतं. गुलाब असे, की एक बाई खरंच पुढे होऊन वास घ्यायला लागली आणि तिच्या नवऱ्यानं तिला मागे ओढलं. सेत्तीमिया स्वतःला मरताना बघून खूश झाली. "नाक बरं आलंय," एवढंच म्हणाली. तेवढ्यात आमच्या पुढची एक म्हातारी, चष्मा डोळ्यांवर धरून, मैत्रिणीला काहीतरी म्हणाली आणि दोघी शहारल्या.

"काय म्हणाली?" एल्पिदिओनं विचारलं. त्याचं इंग्रजी आइस्क्रीमच्या पलीकडे जायचं नाही.

"म्हणाली, असा निर्दय चेहरा जन्मात पाहिला नाही. रक्त गोठतं," मी सांगितलं.

एल्पिदिओचा चेहरा पडला. बराच वेळ तो चित्राकडे बघत राहिला. सहा फूट उंचीवर सोनेरी झग्यातला तो लोळत होता आणि खाली माणसं मरत असताना पुढचं द्राक्ष कुठलं उचलावं याचा विचार करत होता.

"मी असा दिसतो, सेत्तीमिया?"

"मावशीकडे बघताना दिसतोस."

"आणि तुझ्याकडे बघताना?"

"तेव्हा घाम फुटलेल्या गाढवासारखा दिसतोस," ती म्हणाली. मग जरा खालच्या आवाजात, "तोच बरा आहे. घरात मला तोच चालेल."

एल्पिदिओला अर्थ कळायला थोडा वेळ लागला. कळला तेव्हा तो इतक्या मोठ्यानं "खरंच?" म्हणाला, की दरवान धावत आला.

जुलैमध्ये आमच्या चर्चमध्ये लग्न झालं. सेत्तीमियानं आधीच बजावलं होतं, की गुलाब दिसला तर ती परत जाईल. मग वेदीवर कार्नेशनची फुलं ठेवली, आणि गुलाबाशिवाय लग्न कसलं म्हणून वस्तीतल्या बायका महिनाभर बोलत होत्या. सिन्योर विद्वान मित्राला घेऊन आला. मित्रानं भेट म्हणून व्हायोलेटचा गुच्छ आणला होता, आणि तो देताना सिन्योरकडे असा बघत होता, की वाद अजून मिटलेला नाही हे कुणालाही कळावं. सिन्योरनं एक चपटं पुडकं दिलं. त्यात कोळशानं काढलेलं चित्र होतं. पायात झगा अडकलेला, डोक्यावर मुकुट नसलेला सम्राट गुडघ्यांवर बसून पाकळ्या उकरतोय. ज्याला हाकलून दिलं, त्याचं चित्र त्यानं त्याच संध्याकाळी रागारागानं काढून ठेवलं होतं.

"हे मोठ्या चित्रापेक्षा चांगलं आहे," सिन्योर माझ्या कानात म्हणाला. "पण कुणाला सांगू नका. ते विकलं गेलंय."

पुढच्या वर्षी दोघं ग्लासगोला गेली, आइस्क्रीमचं दुकान काढायला. एल्पिदिओ थंडीनं कुरकुरतो, सेत्तीमिया त्याच्या कुरकुरण्यानं. पहिली मुलगी झाली तेव्हा मी तिकडे जाऊन महिनाभर राहिले. बाळंतिणीला सूप करून घातलं, दुकानात पोरांना आइस्क्रीम वाढलं आणि माझं लंडनचं इंग्रजी तिथं कुणाला कळत नाही, त्यांचं मला, याचा दोन्ही बाजूंनी आनंद घेतला. निघायच्या दिवशी जावई मला स्टेशनवर सोडायला आला. माझी ट्रंक डब्यात चढवताना त्यानं तीनदा विचारलं, की खिडकीतून गार वारा येणार नाही ना, डब्यात एकटी बरी राहाल ना, खायला पुरेसं दिलंय ना.

"मेल्या," मी म्हटलं, "हे तेव्हा विचारायचं होतंस."

"तेव्हा विचारलं असतं तर सिन्योरनं तुम्हाला उन्हाळ्यापर्यंत पुरून ठेवलं असतं, मावशी," तो म्हणाला, आणि गाडी सुटेपर्यंत टोपी हलवत उभा राहिला.