एकादशीच्या ताटातले पोर्तुगीज

आमच्या नातवाने, वीरने, एकाच मुलीशी एका दिवसात दोन लग्नं केली, सकाळी मुंडावळ्या बांधून आणि दुपारी चर्चमध्ये टाय लावून, ते साल २०२३. लग्नाचे लाडू संपायच्या आतच ह्यूस्टनजवळच्या आमच्या शुगर लँड गावातल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या यजमानांना सांगितलं, "काका, ही एकादशी तुम्हाला घेऊन जाणार."

दोष एकादशीचा नव्हता, यांच्या उपवासाचा होता. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी बटाट्याची भाजी आणि रताळ्याचा कीस, संध्याकाळी उरलेली खिचडी. महिन्यातून दोनदा रक्तातली साखर तीनशेवर. मुलाने विनवलं, सून रडली, मी शिव्या घातल्या.

"साठ वर्षांचं व्रत आहे, प्रतिमा. अमेरिकेत आलो म्हणून बाटायचं का?"

शेवटी नात चैत्राली पुढे झाली. ती ह्यूस्टनला पीएचडी करते, विषय पोर्तुगीजांचा समुद्रावरचा व्यापार. एकादशीला ती आजोबांच्या ताटासमोर बसली.

"आजोबा, हा बटाटा पोर्तुगीजांनी आणला."

"कुठून?"

"इकडून, अमेरिकेतून. रताळं पण. शेंगदाणे, मिरची, साबुदाण्याचा कंद, एव्हरीथिंग. आले होते काळी मिरी न्यायला. आणि त्यांचा परवाना नसला तर दुसऱ्यांची गलबतं लुटायचे."

"म्हणजे ज्यांनी वसईत देवळं पाडली, त्यांचा माल मी देवासमोर खातोय?"

"साठ वर्षं!" चैत्राली म्हणाली.

यांनी ताट सरकवलं. तेव्हापासून एकादशीला वरईचा भात थोडासा, ताक आणि अर्धं केळं. महिन्याभरात साखर उतरली. आम्ही चैत्रालीला साडी घेतली.

पण हे एकादशीपुरते थांबले नाहीत. रोज स्वयंपाकघराच्या दारात उभे. "याला परवाना आहे का?" टोमॅटो गेला, काजू गेले, पेरू गेला, आमटीत मिरचीऐवजी मिरी आली. सून ऑफिसातच जेवायला लागली. मंडळाच्या पिकनिकला यांनी पावभाजीच्या पातेल्यासमोर उभं राहून पोर्तुगीजांवर भाषण ठोकलं. लोक मुकाट्याने दुसऱ्या रांगेत गेले. ती बटाटेवड्यांची होती.

तीन महिन्यांनी माझा धीर सुटला. घरात वास राहू नये म्हणून आमच्याकडे तळण, फोडण्या सगळं गराजमध्ये, छोट्या शेगडीवर. एका एकादशीला भर दुपारी तिथे बसून मी मिरच्या आणि शेंगदाणे भाजून ठेचा केला. ठसक्याने हे धावत आले.

"काय चाललंय?"

"फितुरी. खायचं तर बसा, नाहीतर दार लावून घ्या."

ह्यूस्टनचा उकाडा. घाम पुसत हे ठेच्याजवळ आले.

"खिचडी पण कर."

"मरायचंय?"

"मरायचं आहेच गं. पण मिरीची आमटी खाऊन नको."

"आणि तुमचे पोर्तुगीज?"

"तू सांग."

"ते मिरी घेऊन कधीच गेले. मिरचीचं काय करायचं, खिचडीत दाण्याचं कूट घालायचं की नाही, हे त्यांना विचारून कुठल्या बाईने ठरवलं होतं? तो गोऱ्यांचा माल कसला, तो आमचा स्वयंपाक आहे. तुम्ही साठ वर्षं नुसतं खाल्लंत, म्हणून कळलं नाही."

माझं ऐकून हे शेगडीपाशी खाली बसले. लग्नाला पंचावन्न वर्षं झाली होती, असं क्वचितच व्हायचं.

"एक वाटी," मी म्हटलं. "एकादशीला, तीही सपाट. दुसरी मागितलीत तर सुनेबरोबर मीही ऑफिसात जेवेन."

"ओंजळभर तरी..."

"सपाट."

त्या दिवशी खाल्ली, आणि पुढच्या प्रत्येक एकादशीला तेवढीच. दर वेळी वाटी लहान झाल्याचा संशय घेतला. डॉक्टरीणबाईंनी नाक मुरडलं, पण चालू दे म्हणाल्या. साखर पुन्हा तीनशेवर गेली नाही.

माझे यजमान, पुरुषोत्तम धारप, २२ मे २०२५ रोजी, गुरुवारी सकाळी, शुगर लँडच्या घरी हृदय बंद पडून वारले. वय ब्याऐंशी.