नाथाजी नावाचा खांब

मित्रांनो, या देशाचं क्रीडावैभव खांबांवर उभं आहे.

हे वाक्य माझं नाही. आमच्या शाळेच्या मैदानावर एका प्रमुख पाहुण्यांनी ते माईकवर म्हटलं होतं आणि म्हणण्यापूर्वी, उकडतंय म्हणून, अंगातला कोट काढून माझ्यावर अडकवला होता. टाळ्या पडल्या त्या मी कोटाच्या आतून ऐकल्या.

मी एक जुना खो-खोचा खांब आहे. विट्याजवळच्या एका शाळेत माझी उमेदीची वर्षं गेली. ज्यांनी खो-खो पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मैदानाच्या दोन टोकांना दोन खांब असतात. मधल्या पाटीवर एकाआड एक उलट तोंडं करून पोरी बसतात आणि एक जण पळणारीच्या मागे लागते. पळणारी खांबाला वळसा घालून निसटू बघते. तेव्हा पाठलाग करणारी एका हाताने खांब धरते, सगळं अंग हवेत झोकते आणि मोकळ्या हाताने तिला शिवते. याला खांबावर बाद करणं म्हणतात. यात खांबाचं काम काय, तर उभं राहणं. ऐकायला सोपं वाटतं, पण आमच्या शाळेत समारंभपूर्वक जे जे उभं केलं गेलं त्यातलं आज काय उभं आहे ते येऊन बघा.

मी मूळचा बाभळीचा. बांधावर उभा होतो, काटे बाळगून होतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. एक दिवस मला तोडून विट्याच्या वखारीत नेलं. फांद्या सरपणाला गेल्या, बुंध्याचा खांब झाला. रंधा मारून, पॉलिशपेपर घासून मला इतका गुळगुळीत केला की माझा मलाच संशय यावा. आमच्या भागातली पुष्कळ माणसं सोनं गाळायच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. त्यांतलेच एक अमृतशेठ, दुकान कोईमतूरला. त्यांनी वडिलांच्या नावे शाळेला खांब दिले आणि माझ्या अंगावर लाल रंगात लिहून घेतलं : ‘कै. नाथाजी यांचे स्मरणार्थ’. नाथाजी आयुष्यात कधी पळाले नव्हते. त्यांच्यासाठी एसटी थांबायची, असं म्हणतात. पण रंग वाळायच्या आत पोरींनी माझं बारसं उरकलं. “नाथाजीला धर गं!”, “नाथाजीवर बाद झाली!” असा ओरडा रोज संध्याकाळी सुरू झाला. यात्रेला गावी आलेल्या अमृतशेठांनी तो ऐकला आणि वडिलांना एवढ्या हाका कुणी जिवंतपणीही मारल्या नव्हत्या म्हणून डोळे पुसले.

माझ्या समोरच्या टोकाला दुसरा खांब होता. त्याची माझी ओळख नुसती नजरेची. जन्मभर समोरासमोर राहूनही न बोलणारे शेजारी तुम्ही पाहिले असतील, तसंच आमचं.

अशात राणी आली.

पाचवीतली काटकुळी पोर. बाप मेंढपाळ, नाव गुंडा; आई दगडाबाई घरची कोरडवाहू शेती बघायची. राणी लहानपणापासून मेंढरांमागे पळालेली. मेंढरू कधी कुठं वळेल याचा भरवसा नसतो, त्यामुळे माणूस कुठं वळेल हे तिला आधीच कळायचं. आमचे सयाजी सर पहिल्याच दिवशी तिचं वळणं बघत राहिले आणि शिट्टी वाजवायची विसरले.

तिचा डावा हात मी अंधारातही ओळखला असता. इतर पोरी मला पकडायच्या, राणी धरायची. यातला फरक मला शब्दांत सांगता येत नाही. मी लाकूड आहे. ती वाऱ्यासारखी यायची, तळवा माझ्यावर टेकायचा, आणि क्षणभर तिचा सगळा भार माझ्यावर असायचा. त्या क्षणासाठी मी उरलेला दिवस उन्हात उभा राहत असे.

सराव संपला की सर पोरींना राष्ट्रीय स्पर्धेच्या गोष्टी सांगायचे. देशभरातली शाळकरी पोरं एका शहरात जमतात. एकीकडे कुस्ती, एकीकडे पोहणं, एकीकडे धावणं, आणि खो-खोला मोठा मांडव नव्हे तर छत असलेलं स्टेडियम. रात्रीचा दिवस करणारे दिवे. जेवायला रांगेत उभं राहिलं तर पुढं मणिपूर आणि मागं हरियाणा. पोरी आ वासून ऐकायच्या. मीही ऐकायचो, आ वासण्याची सोय नसतानाही. मला तिथं जायचं होतं, मित्रांनो. खो-खोत सगळं हलतं, खांब सोडून, हे मला माहीत होतं. तरी जायचं होतं.

राणीला तर जायलाच हवं होतं. ती आठवीत असताना तिचा थोरला भाऊ मिलिट्रीत गेला आणि कळपामागे माणूस उरला नाही. गुंडा एकदा मैदानाच्या कडेला येऊन सरांना म्हणाला, “सर, पोरीची निवड झाली तर शिकंल, खेळंल, मी आडवा येत न्हाई. न्हाई झाली, तर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन आमी घाटाखाली निघालू, ती बी आमच्यासंगं.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता. मेंढरांना कुणीतरी लागतंच. सरांनी मान हलवली. राणी माझ्याजवळच उभी होती. तिनं माझ्यावरचा ‘स्मरणार्थ’मधला ‘र्थ’ नखानं खरवडला. तो अजून तसाच अर्धा आहे.

राज्याच्या संघासाठी आमच्या भागाची निवड चाचणी त्या वर्षी आमच्याच मैदानावर ठरली. दिवस दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचा.

आता खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. दगडाबाईनं घरात कोयता पुजला, विळा पुजला, मेंढरांची लोकर कातरायची कातर पुजली. मग लेकीला विचारलं, “आन् तुजं हत्यार कंचं?”

राणी सहज म्हणाली, “खांब.”

झालं. दगडाबाई मैदानावर हजर. मला पाण्यानं धुतलं, पदरानं पुसलं. घरच्या करडईचं तेल वाटीत आणलं होतं, ते शेंड्यापासून बुडख्यापर्यंत चोळलं. वर भंडारा उधळला, झेंडूचा हार घातला, नारळ वाढवला. मित्रांनो, तोवर मला कोट, दप्तरं आणि एक नादुरुस्त सायकल एवढंच लाभलं होतं. मी नुसता चकाकत नव्हतो, मी स्वतःला देव समजू लागलो होतो. चाचणीच्या दिवशी ती सकाळी सकाळी पुन्हा आली. आज तर लेकीचा दिवस, म्हणून तेलाचा दुसरा हात जरा सढळच फिरवला, कोमेजलेला हार काढून नेला आणि भिंतीपाशी जाऊन बसली. सयाजी सर त्या वेळी स्टँडवर निवड समितीच्या शरयू मॅडमना उतरवून घेत होते. मी असा तुपातल्या पुरणपोळीसारखा उभा आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

शरयू मॅडम साताऱ्याच्या. हसण्याची सवय त्यांनी बहुधा निवृत्तीसाठी राखून ठेवली होती. घरचं मैदान म्हणून पहिला डाव राणीच्या संघाला दिला. समोर पळायला मलकापूरची एक चपळ पोरगी. राणीनं तिला बरोबर माझ्याकडे हाकलत आणलं. पोरगी वळली. राणीनं झेप घेतली, तिचा तळवा माझ्यावर आला.

आणि सटकला.

ती हनुवटीवर आपटली. राणी उठली, पुन्हा पाठलाग, पुन्हा झेप, पुन्हा तेच. तिनं मला धरावं हा आमचा करार होता. मी तिला धरावं अशी सोय लाकडात नाही. ती सोय असती तर, मित्रांनो, मी त्या दिवशी मुळासकट उठून तिच्यामागे गेलो असतो.

राणीनं तळवा पाहिला. पिवळा झाला होता. नाकाशी नेला. घरचं तेल तिनं ओळखलं आणि हळूच भिंतीकडे बघितलं. तिथं दगडाबाई हात जोडून बसली होती. राणीनं तळवा चड्डीला पुसला आणि पुन्हा जागेवर जाऊन उभी राहिली.

मॅडमनी डाव थांबवला. खांबाला काही लावलंय का, असं विचारलं.

“न्हाई मॅडम,” राणी म्हणाली. “हाताला घाम हाय.”

हनुवटीतून रक्त येत होतं. घाटाखालची वाट तिला समोर दिसत असणार. तरी तिनं आईकडे बोट केलं नाही. सर माझ्याजवळ आले, एक बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा पडला. तोवर भिंतीपाशी दगडाबाई उठली होती.

“आवं बाई, घाम न्हाई त्यो. म्या त्याल लावलंय. पूजा केली. देवाला त्याल लावत्यात, मला काय ठावं ह्यो देव निसटतुय म्हनून.”

कुणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. पूजेबद्दल नियमात काही लिहिलेलं नाही, झालेला वेळ गेला, डाव पुन्हा मिळणार नाही, उरलेला खेळा, असं त्यांनी सांगितलं. आणि खांब पुसायला? त्याला मात्र हरकत नाही.

दगडाबाई धावत आली. तिनं मैदानातली माती मुठीनं उचलून मला घासायला सुरुवात केली, राणी दुसऱ्या बाजूनं. मायलेकींनी मिळून माझं देवपण खरवडून काढलं. पूजा करताना ती हळू हात लावत होती, आता भांडं घासावं तसं घासत होती, आणि खरं सांगतो, मला हेच जास्त आवडलं. “धर आता,” दगडाबाई म्हणाली. “न्हाई सुटायचा.”

शिट्टी झाली. मलकापूरची पोरगी पुन्हा आली, वळली. राणीचा तळवा माझ्यावर बसला, मातीत रुतल्यासारखा. सगळा भार माझ्यावर आला. मोकळ्या हातानं तिनं पोरीच्या पाठीला शिवलं. तो स्पर्श मला तिच्या डाव्या हातातून कळला.

जाताना शरयू मॅडम सरांना म्हणाल्या, “खांब धरणाऱ्या पुष्कळ येतात, सयाजीराव. खांब सुटल्यावर तोंड न सोडणारी आज पाहिली. पाठवा तिला.”

राणी गेली. दिवाळीनंतर मेंढरं घाटाखाली उतरली, ती एका भाड्याच्या गड्यासंगं.

स्पर्धेचा अंतिम सामना गावानं शाळेच्या व्हरांड्यात मोबाईल टेकवून पाहिला. मोबाईलची पाठ माझ्याकडे होती. मला फक्त हिंदीतला आरडाओरडा ऐकू येत होता आणि त्यात मधूनच ‘राणी’ आणि ‘पोल’ हे दोन शब्द. तो पोल कुठला, कुणाच्या स्मरणार्थ, कुणास ठाऊक. मला त्याचा राग आला नाही. फक्त वाटलं, त्याला तिचा हात कळला असेल का. महाराष्ट्र जिंकला. व्हरांड्यात गुंडा पागोट्यात तोंड लपवून रडला आणि फेटा बांधायला आलेल्यांची पंचाईत झाली.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. सुवर्णपदकामुळे शाळेला छप्पर असलेला हॉल मिळाला, त्यात मॅट आली, मॅटवर गुबगुबीत स्पंज गुंडाळलेले नवे खांब आले. मातीवर आता कुणी खेळत नाही. मला उपटलं, आणि सरांनी सरपणाला जाऊ दिलं नाही म्हणून शाळेच्या स्वयंपाकघरामागं पुन्हा रोवलं. तिथं माझ्यापासून भिंतीपर्यंत कपडे वाळत घालायची दोरी ताणलीय, तिच्यावर पोरांच्या पंगतीची सतरंजी पडते. राणी आता पुण्याला कॉलेजात असते, विद्यापीठाकडून खेळते. सुट्टीत गावी आली की हॉलमध्ये लहान पोरींना शिकवते. माझ्या जागेवरून हॉलची एक खिडकी दिसते आणि त्या खिडकीतून मॅटचा बरोबर खांबाजवळचा कोपरा.

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तूंची कदर करा, असं मी म्हणणार होतो. राष्ट्रीय स्पर्धेला एखादा म्हातारा खांब पाहुणा म्हणून न्यावा, असंही सुचवणार होतो. पण ते राहू द्या. खिचडी शिजवणाऱ्या मंगलमावशींना कुणीतरी एवढंच सांगा, की राणी आलेली असेल तेव्हा ती ओली सतरंजी दोरीच्या दुसऱ्या टोकाला वाळत घाला. मधोमध घातली की मला खिडकी दिसत नाही.